सहा जणांचे पॉइंट

“तुम्ही व्हा पुढे, मी आलोच मागून!”

तो आवाज खालून यायचा. लिफ्टच्या खड्ड्यातून, वंगणाच्या वासासकट, भिंतींना घासत घासत वर चढायचा आणि वर पोचेपर्यंत चांगला दुप्पट झालेला असायचा. वर उघड्या दाराशी ती उभी असायची. एका हाताला थोरली, दुसऱ्या हाताला धाकटा, दोघांची बखोटं घट्ट धरलेली, पायाशी बॅगा. खाली अंधारात एक बॅटरी हलायची आणि त्या उजेडामागे कुठेतरी मुलांचे बाबा असायचे. थोरली वाकून ओरडायची, “नक्की ना बाबा?” की खालून उत्तर, “नक्की म्हणजे काय! एवढा एक दोर बघतो आणि आलोच.”

गाडी सुटायची. समुद्र यायचा. वाळू यायची, शिंपले यायचे, उन्हाने रापलेली नाकं यायची. सुट्टी सरायची आणि परतीची गाडीही यायची. बाबा तेवढे यायचे नाहीत.

त्याला आता किती वर्षं लोटली. थोरलीच्या कपाळाशी पांढरी बट आली, धाकट्याला चाळिशीचा चष्मा लागला. तो आवाज मात्र कधीही, कुठेही वर यायचा. मशीनवर पँटची उंची कमी करताना, भांडी विसळताना, आणि आज, या काचेच्या भिंतींच्या थंडगार दालनात, गोल टेबलापाशी, रसाचा पेला हातात धरून बसलेली असताना. कारण शेजारी बसलेले गृहस्थ अगदी त्याच हुरुपाने म्हणत होते, “मोठाच संच घेऊ. अर्धवट काम नको.”

सगळी गल्ली त्यांना लिफ्टवाले म्हणायची. ती त्यांची बायको, पण रागावली की तीही मनात लिफ्टवालेच म्हणायची. आज सकाळपासून ती तसंच म्हणत होती.

आयुष्यभर या माणसाने दुसऱ्यांना वरखाली नेलं. दवाखान्यांच्या लिफ्टा, कचेऱ्यांच्या लिफ्टा, उंच उंच घरांच्या लिफ्टा. लोक सुट्टीवर जायचे तेव्हा इमारती रिकाम्या, म्हणून मोठी दुरुस्ती नेमकी सुट्टीतच निघायची. जग खेळायला गेलं की लिफ्टवाले खड्ड्यात उतरायचे. आता निवृत्त झाले होते. हातात एकदम मिळालेली रक्कम होती, आणि त्याहून जड, एकदम मिळालेला वेळ होता.

त्या वेळेतच तो फोन आला. “अभिनंदन! भाग्यवान जोडपं म्हणून तुमची निवड झालीय.” जोडीनं यायचं, सुट्टीच्या योजनेची माहिती ऐकायची आणि जाताना चाकांची बॅग मोफत घेऊन जायची.

“बॅग घ्यायची आणि निघायचं,” तिने बसमध्येच बजावलं होतं. “मान डोलवायची, सही करायची नाही.”

“हो गं, हो. मी काय लहान आहे?”

पण लहान होते ते. रोज सकाळी नाश्त्याला फोनमागोमाग टपालाने आलेलं त्या योजनेचं गुळगुळीत पुस्तक पुढ्यात घेऊन बसायचे, पेन्सिलीने खुणा करायचे आणि पावाचा तुकडा चहात विरघळून जायचा तरी कळायचं नाही. तिला दिसत होतं. तिने चहा तेवढा बदलून दिला.

समोर बसलेल्या मुलीच्या छातीवर नावाची पट्टी होती, पण अक्षरं बारीक, आणि हिचा चष्मा बॅगेच्या तळाशी. म्हणून हिने आपलं तिचं नाव पॉइंटवाली ठेवून दिलं. मुलगी गोड होती. तिच्या कोटाची एका बाजूची दुमड उसवून लोंबत होती आणि हिचे हात शिवशिवत होते. आपल्या शिवणाच्या दुकानात वर्षानुवर्षं बायाबापड्यांच्या दुमडी शिवल्या, कोपरांना रफू केलं, जाड झालेल्यांना जागा दिली, वाळलेल्यांना आवळून घेतलं. लोंबती दुमड बघवत नाही अशा माणसाला.

“काका, हे अगदी सोपं आहे,” पॉइंटवाली म्हणाली. “तुम्ही घर विकत घेत नाही, सुट्टी विकत घेता. दरवर्षी तुमच्या खात्यात पॉइंट जमा होणार. ते खर्च करायचे आणि आमच्या कुठल्याही घरात जाऊन राहायचं. समुद्र म्हणा, डोंगर म्हणा.”

“आणि किती खर्च करायचे ते?” लिफ्टवाल्यांनी विचारलं. उत्तर त्यांना तोंडपाठ होतं.

“ते दोन गोष्टींवर. कधी जाता आणि किती जण जाता. शांत दिवसांत गेलात तर थोडे पॉइंट पुरतात, शाळांच्या सुट्टीत गेलात तर जास्त लागतात. एक खोली थोड्यात, दोन खोल्या जास्तीत. तुम्ही दोघंच राजाराणी असाल तर पॉइंटांचा छोटा संच भरपूर झाला. मुलं-नातवंडं सगळे जाणार असाल तर मोठा.”

“पॉइंट शिळे होतात का?” तिने विचारलं.

पॉइंटवाली हसली. “काकू, पुढच्या वर्षापर्यंत टिकतात. त्याच्या पुढे नाही.”

“म्हणजे दह्यासारखं.”

“आणि समजा आम्हाला जमलं नाही,” लिफ्टवाले मध्येच म्हणाले, “तर?”

“तर घरातलं कुणीही वापरू शकतं. मुलगा, मुलगी, सून, जावई. तुम्ही हजर असायलाच हवं असं नाही.”

“हे पुन्हा एकदा सांगा.”

तिने पुन्हा सांगितलं. लिफ्टवाल्यांनी मान हलवली आणि टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा ते एखाद्या दोरावरून फिरवायचे, कुठे तार सुटलीय का बघायला.

“मग बोला काका. किती जण?”

प्रश्न साधाच होता. भाजीवाला विचारतो तसा, किती देऊ. पण तिच्या हातातला पेला थबकला. कारण त्या प्रश्नाचं खरं उत्तर या टेबलाशी आपल्या एकटीकडेच आहे अशी तिची समजूत होती, आणि ते उत्तर तिने कैक वर्षं पोटात ठेवलं होतं.

त्यांच्या घराची रीतच तशी पडली होती. कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही. मुलांना बाबांना काही सांगायचं असेल तर आईला सांगायची. बाबांना मुलांना काही विचारायचं असेल तर, “अगं, विचार ना तिला.” सगळी बोलणी हिच्या हातून जायची आणि हिच्या हातून जाताना कुठलीही गोष्ट फाटकी जायची नाही. मुलगा म्हणायचा, “बाबांना माझी इयत्ता तरी माहीत आहे का?” बाबांपर्यंत पोचायचं, “तो म्हणतोय, यंदा अभ्यास जड आहे, तुम्ही एकदा बघाल का.” बाबा म्हणायचे, “वेळ नाही.” मुलापर्यंत पोचायचं, “बाबा म्हणालेत, रविवारी बघू.” इकडचा दोरा तिकडे, तिकडचा इकडे. मशीनवर बसली की ती स्वतःशीच गुणगुणायची,

सुईबाई सुईबाई, नको दोरा तोडू,
माणसाचं माणसाशी कुठल्या टाक्यानं मी जोडू.

पुढची ओळ तिला कधी सुचली नाही. गिऱ्हाईक यायचं.

मुलं मोठी झाली, कमावती झाली, तेव्हा एकदा धाकट्याने सगळ्यांना सुट्टीवर नेलं. बाबांसकट. तिने आठ दिवस आधीपासून कपडे इस्त्री करून ठेवले होते. हॉटेल मोठं होतं, आणि मोठ्या हॉटेलाला लिफ्ट असते. पहिल्याच संध्याकाळी लिफ्टवाल्यांनी कान टवकारले. “ब्रेक घासतोय,” म्हणाले. थोरली म्हणाली, “बाबा, घासू दे.” दुसऱ्या दिवशी लिफ्ट अडकली, आत कुणी पाहुणे होते, आणि मग काय विचारता. लिफ्टवाल्यांनी बाह्या सरसावल्या. पाहुणे बाहेर आले, टाळ्या पडल्या, मॅनेजरने हात हातात घेतला. नंतरचे सगळे दिवस लिफ्टवाले लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत. नात दाराशी जाऊन जाऊन परत यायची. शेवटच्या जेवणाला एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर सुनेने पर्स ठेवली होती.

पुढच्या वर्षी हिने थोरलीला फोनवर विचारलं, “यंदा सगळे जाऊ या का पुन्हा?”  थोरली म्हणाली, “आई, सुट्टी म्हणजे बाबा नसणं, अशीच सवय लागलीय आम्हाला. ते आले की सुट्टीच वाटत नाही. दुखावू नकोस त्यांना, पण आम्ही नाही येणार. दोघांचं ठरलंय आमचं.”

बाहेरच्या खोलीत लिफ्टवाले पेपर वाचत होते. तिने फोन ठेवला, हात पुसले, बाहेर आली.

“काय म्हणाली?”

“यंदा सुट्ट्या जुळत नाहीयेत तिच्या. पुढच्या वर्षी नक्की म्हणाली.”

तेव्हापासून दरवर्षी लिफ्टवाले म्हणायचे, “विचार गं मुलांना.” आणि ती न विचारताच सांगायची, “पुढच्या वर्षी नक्की म्हणतायत.” टाका इतका बारीक, की तिचा तिलाच दिसेनासा झाला होता. आणि आता त्या टाक्यावर हा माणूस दोन खोल्यांचं घर टांगायला निघाला होता. निवृत्तीची सगळी पुंजी घालून, कुणी येणार नाही अशा सुट्टीचे पॉइंट घ्यायला निघाला होता.

सांगावं. आत्ता, सही व्हायच्या आत. पण या परक्या मुलीसमोर कसं सांगावं? आणि घरी जाऊन सांगितलं तरी सांगायचं काय? की तुमची पोरं तुम्हाला नको म्हणतात, आणि हे मला केव्हापासून ठाऊक आहे?

“किती जण, काकू?” पॉइंटवालीने आता तिच्याकडे मोहरा वळवला.

“आम्ही दोघंच,” ती घाईने म्हणाली. “छोटा संच. शांत दिवस. आम्हाला गर्दी सोसत नाही.”

“अगं, काय बोलतेस!” लिफ्टवाले म्हणाले. “नातीची शाळा आहे. शांत दिवसांत शाळा कशी बुडवणार ती? मोठाच हवा. शाळेच्या सुट्टीतला.”

“तिला काय, तिचे आईबाप नेतात की कुठेकुठे.”

“त्यांच्या खर्चाने नेतात. मला माझ्या खर्चाने न्यायचंय.”

“नेताय?” ती एकदम म्हणाली. आवाज जरा चढला. “तुम्ही? कधी नेलंत?”

बोलली आणि जीभ चावली. पॉइंटवालीने झटकन पेल्यांत रस भरला.  लिफ्टवाल्यांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि त्या पानावरच्या समुद्राकडे बघत राहिले.

“असं करू या का,” पॉइंटवाली तोडगा काढत म्हणाली, “मुलांनाच इथून फोन लावू. सगळ्यांनी ऐकावं असा, मोठ्या आवाजात. किती जण येणार ते तीच सांगतील, मग तुमचे पॉइंट एका मिनिटात काढून देते.”

“नको!”

दोन नको एकदम उमटले. एक तिचा. दुसरा लिफ्टवाल्यांचा.

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते सारवासारव करत होते, “कामाच्या वेळी कशाला त्रास पोरांना.” हे बरोबरच होतं, पण हे वाक्य तिचं होतं. असली वाक्यं या घरात ती बोलायची. ते कधीपासून बोलायला लागले?

पॉइंटवाली मुरलेली होती. “मग नमुन्याचं घर बघून या,” म्हणाली आणि उठून दालनाच्या टोकाचं एक दार उघडलं. “घरात दोघांनी उभं राहिलं ना, की किती जण ते आपोआप सुचतं. मी इथेच आहे.”

दार मागे लागलं. आत खरंच घर होतं. एक बैठकीची खोली, दोन निजायच्या, एक इवलं स्वयंपाकघर. सगळं नवं, कुणी न राहिलेलं, दुकानातल्या बाहुलीच्या अंगावर चढवलेल्या कपड्यासारखं. खिडकी होती आणि खिडकीत समुद्र होता. जवळ जाऊन पाहिलं तर कागदाचा, मागून दिवा लावलेला. लाट उचललेली ती तशीच उचललेली.

“पाणी नाही,” लिफ्टवाल्यांनी नळ फिरवून पाहिला होता. “आणि ही पुस्तकं बघ, नुसत्या पाठी आहेत. आत पुठ्ठा.”

“हात लावू नका हो सगळ्याला.”

“कपाटाचं दार लोंबतंय. एक स्क्रू आवळला की...”

“तुम्ही इथेही सुरू झालात का?”

त्यांनी हात मागे घेतला. इतक्या पटकन, की तिलाच वाईट वाटलं. मागे घेतलेला तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी खिशात घातला. गुडघ्यांनी कुरकुर करत ते पहिल्या निजायच्या खोलीत गेले, पलंगाची गादी दाबून पाहिली.

“इथे थोरली आणि जावई,” ते म्हणाले. “समुद्र दिसतो. तिला आवडतो.”



दुसऱ्या खोलीत दोन जुळते पलंग होते. “इथे धाकटा आणि सूनबाई. पलंग जोडून घेतील ती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अजून एकमेकांशी बोलतात दोघं.” ते स्वतःशीच हसले. मग बैठकीच्या खोलीत येऊन त्यांनी सोफ्याच्या खालची कडी ओढली. आतून एक लांब गादी बाहेर सरकत आली. “आणि इथे तू आणि नात. ती तुझ्याशिवाय झोपत नाही, आणि तुला मधे उठायचं असलं तर दार जवळ.” बोटं मिटत त्यांनी हिशोब केला. “सहा. बरोबर बसतात सहा जण.”

ती त्या बाहेर आलेल्या गादीकडे बघत राहिली. ज्याची त्याला जागा दिली होती, प्रत्येकाची आवड बघून दिली होती. एखाद्या मुरलेल्या गृहिणीला जमावं तसं. तिला कळायला क्षणभर लागला.

“अहो, आणि तुम्ही?”

“हं?”

“तुम्ही कुठे झोपणार?”

“माझं काय.” ते खिडकीपाशी गेले, कागदाच्या समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. “लिफ्टमध्ये पाटी असते बघ, सहा माणसे. चाचणीच्या वेळी आत सहा जण उभे करायचे आणि मेकॅनिक टपावर. वरून सगळं चालतंय का बघायला. त्याला कधी त्या सहांत धरतात का?”

त्यांना वाटलं असेल तिला हसू येईल. एरवी आलंही असतं. पण ती उभीच राहिली. मोठा संच, शाळेच्या सुट्टीतला, तुम्ही हजर असायलाच हवं असं नाही, हे पुन्हा एकदा सांगा. सगळं एकदम उसवलं आणि आतलं अस्तर दिसलं.

“तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली.

“थोरलीचा आवाज फोनातून बाहेर येतो गं. लहानपणापासून मोठाच तिचा गळा. मला मोटारीतला बारीक खरखराट ऐकू येतो, पोटच्या पोरीचं ऐकू येणार नाही?”

“त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी. पेपर उलटा होता माझ्या हातात. तुला दिसलं नाही.”

“मग दरवर्षी मला का विचारायला लावत होतात? विचार गं मुलांना, विचार गं मुलांना. मी मेली तुमच्यापायी दरवर्षी खोटं...”

“तू छान सांगायचीस.” ते अजून पाठमोरेच होते. “पुढच्या वर्षी नक्की म्हणतायत. वर्षातून एकदा तेवढं ऐकायला बरं वाटायचं. खोटं असलं म्हणून काय झालं. मीही तर पोरांना तेच ऐकवत आलो.”

ती सोफ्याच्या गादीवर बसली. गादी नवी, ताठ, तिच्या वजनाने दबेना. इतकी वर्षं आपण टाके घालत होतो आणि समोरचा माणूस उलट्या बाजूने ते बोटाने चाचपत बसला होता. ना त्याने उसवलं, ना तिने. दोघांनी मिळून एक चिंधी जपली होती.

“म्हणून म्हणतोय, सहांचे घेऊ,” ते आता वळले. चेहऱ्यावर हुरूप परत आणला होता, पण नीट बसला नव्हता. “तुम्ही जा सगळी. दरवर्षी. पॉइंट मी दिले एवढं असू दे. मी घरी आहे. दुकानाला कुलूप नको, झाडांना पाणी घालीन. पोरांना त्यांची सुट्टी मिळेल. त्यांना हवी तशी.”

“तुमच्याशिवाय.”

“त्यांना हवी तशी,” ते पुन्हा म्हणाले. “मी बिघडवलं ते मीच नीट करायला नको? सगळी चूक माझी. एकेक वर्षाची. आता काही वेळ मागे नेता येत नाही, तर निदान...”  मग अगदी हळू, जणू फार जपून ठेवलेली वस्तू पुढे करत, म्हणाले, “फक्त एक सांग. तुला करमेल ना तिथे? तू दरवेळी परत आलीस की म्हणायचीस, तुमच्याशिवाय कसली मजा. मला तेच आठवतं. मी नाही म्हणून तुझा पुन्हा विरस व्हायचा असेल, तर मी हे घेतच नाही.”

दारावर टकटक झाली. पॉइंटवालीने डोकं आत घातलं. “काय काका, काकू, सुचला का आकडा?”

“सहा,” लिफ्टवाले म्हणाले.

ती उठली. “पाच मिनिटं, बाळ,” म्हणाली आणि पॉइंटवालीचा हसरा चेहरा बाहेर ठेवून तिने दार हलकेच लोटलं. कडीवरचा हात काढला नाही. कडी थंड होती.

तुमच्याशिवाय कसली मजा. हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, वर्षानुवर्षांचं, धुऊन मऊ झालेलं. आत्ता ते म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. त्यांनी संच घेतला नसता, पुंजी वाचली असती, दोघं बसने घरी गेली असती आणि चूक सगळी त्यांच्याच नावावर राहिली असती. आणि ते ती घेऊन बसले असते, बाहेरच्या खोलीत, उलटा पेपर हातात धरून.

पण डोळ्यांसमोर येत होती ती वाळू. चादरीत, केसांत, पावात आलेली वाळू. कुणी उठ म्हणणारं नाही, कुणाचा डबा नाही, कुणाची वाट बघणं नाही. कधीही जेवावं, पलंगावरच जेवावं. पोरांबरोबर ती पाण्यात कमरेपर्यंत जायची, कपडे भिजवायची, खिदळायची. ती इतकी हसते हे त्या लिफ्टवाल्यांना कधी दिसलंच नव्हतं.

“करमेल,” ती म्हणाली.

“खरंच?”

“तेव्हाही करमायचं.”

ते खिडकीपासून एक पाऊल पुढे आले.

“मजा यायची हो आम्हाला. फार. परत येताना गाडीत मी पोरांना सांगायची, बाबांसमोर फार खिदळू नका, त्यांना वाईट वाटेल. आणि दारात पाऊल टाकल्या टाकल्या मी तुम्हाला म्हणायची, तुमच्याशिवाय कसली मजा.” तिने थांबू दिलं नाही स्वतःला, थांबली असती तर पुन्हा टाका घातला असता. “आणि एका वर्षी, आठवतंय? आम्ही उतरायचो त्या लॉजवर तुम्ही फोन केला होतात. मालकीणबाईंनी मला खाली बोलावलं. तुम्ही म्हणालात, काम लवकर आटपलंय, चार दिवस मोकळे आहेत, निघू का मी?”

“हो. तू म्हणालीस, उगीच दगदग होईल. आराम करा म्हणालीस.” ते थोडं हसले. “मला तेव्हा वाटलं होतं, किती काळजी करते.”

“काळजी नव्हती ती.”

कडीवरचा हात तिने काढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मध्ये कुणाचाही निरोप न धरता, त्यांच्याकडे सरळ बघत ती म्हणाली,

“आमचं छान चाललं होतं आणि मला ते मोडायचं नव्हतं. त्या वर्षी तुम्ही येत होतात हो. मीच येऊ दिलं नाही तुम्हाला.”